शिकवणारीच्या पाठीशी कोण?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर वडवणी तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलपं लागलेली असतील. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. म्हणून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडं किंवा थेट कर्नाटकात जाते. सोबत भांडी, ज्वारीची पोती, गोधड्या, कडेवर लेकरू. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. कारखान्यांची धुराडी बंद होईपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावचा कर्ता माणूस गावात नसतो.

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतला वडवणी हा लहान तालुका, 1999 साली वेगळा झालेला. बालाघाटाच्या कुशीतली चिंचवण, उपळी, कुप्पा, देवडी, कवडगाव ही गावं, त्यांच्या वाड्या, वस्त्या आणि तांडे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता 77 टक्क्यांच्या घरात होती, बायकांची 68 च्या आसपास. म्हणजे तेव्हा दर तीन बायकांमागे एकीला आपलं नावही वाचता येत नव्हतं. त्यातल्या कित्येकींच्या हातात आज स्मार्टफोन आहे. त्यात माणसं नावानं सापडत नाहीत, म्हणून फोटोवरून किंवा चिन्हावरून ओळखायची. भावाच्या नंबरापुढं फूल, मुकादमाच्या नंबरापुढं गाडी. अशी युक्ती काढणाऱ्या बाईला शिकता येणार नाही, असं कोण म्हणेल?

प्रौढ साक्षरतेवर आपल्याकडं पुष्कळ लिहिलं गेलं. किती शिकले, किती राहिले, किती उत्तीर्ण झाले, याचे आकडे दर वर्षी निघतात. शिकवतं कोण, त्याला ते कुणी शिकवलं, अडलं तर तो कुणाकडं जातो, याबद्दल मात्र फार थोडं वाचायला मिळतं. वडवणीसारख्या तालुक्यात सगळी गोष्ट इथंच अडते, असं माझं ठाम मत आहे.

शिकवणारी बहुतेक वेळा गावातलीच कुणी असते. बारावी झालेली सून, अंगणवाडीची मदतनीस, बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताई, कधी डी.एल.एड. करणारी मुलगी, कधी शाळेतलं पोरगंच. ‘उल्लास’ हे ज्याचं आजचं नाव, त्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळानं 16 फेब्रुवारी 2022 रोजी मंजुरी दिली. 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी देशभरात मिळून 1037 कोटी 90 लाख रुपये. पंधरा वर्षांपुढचा कुणीही निरक्षर यात शिकू शकतो. शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. त्यांना प्रमाणपत्र मिळतं.

प्रशिक्षण कसं पोचतं तेही सांगायला हवं. पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडं राज्य साक्षरता केंद्राची जबाबदारी आहे. तिथून ते जिल्ह्याला येतं. बीडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहे. तिथून गट साधन केंद्र, मग केंद्रप्रमुख, मग शाळेचे मुख्याध्यापक आणि शेवटी स्वयंसेवक. मराठी शाळेत काम केलेल्या कुणालाही ही उतरंड ठाऊक आहे. वरच्या पायरीवर काही दिवस चाललेलं शिबिर खाली येईपर्यंत तासा-दोन तासांचं होतं, आणि शेवटच्या माणसाच्या हातात एक पुस्तिका, एक लिंक आणि माहिती भरायचा फॉर्म एवढंच उरतं. पुस्तिका चांगली असते, व्हिडिओही बरे असतात. पण उपळीच्या एखाद्या ओसरीवर रात्री आठ वाजता बाई पेन्सिल धरून बसते तेव्हा जे घडतं, ते त्या व्हिडिओत नसतं.

काय घडतं? पहिली गोष्ट हाताची. पाच-सहा महिने कोयता चालवलेल्या हाताची बोटं जाड झालेली, सांधे आखडलेले असतात. पेन्सिल मुठीत धरली जाते, टोक पहिल्याच रेघेला मोडतं. बाई हसते, पदर तोंडाशी नेते आणि पाटी बाजूला ठेवते. ‘आमच्यानं नाही होत माय.’ नवी शिकवणारी इथं घाबरते आणि बाईचा हात धरून अक्षर गिरवून घेते. त्यानं अक्षर उमटतं, पण बाईचं नसतं. जिला कुणी आधी सांगितलेलं असतं, ती पहिले काही दिवस अक्षराच्या वाटेलाच जात नाही. जमिनीवर खडूनं मोठाल्या रेघा, गोल, रांगोळीच्या ठिपक्यांची जोडणी. रांगोळीत त्याच बाईचा हात लयीत चालतो. तिथून अक्षराकडं येणं सोपं जातं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. चाळिशी उलटली की जवळचं दिसेनासं होतं. शहरात माणूस चष्मा करून मोकळा होतो. इथं बाई पुस्तक हातभर लांब धरते, डोळे बारीक करते आणि ‘मला हे जमत नाही’ असं ठरवून टाकते. शिकवणारीलाही वाटतं, हिच्या डोक्यात शिरत नाही. प्रश्न डोक्याचा नसतो, साध्या वाचनाच्या चष्म्याचा असतो, आणि तो फार महागही नसतो. प्रौढांना शिकवणाऱ्याच्या प्रशिक्षणातली ही अगदी पहिली गोष्ट असायला हवी: आधी ओळ दिसते का ते बघा, मग वाचायला सांगा. आरोग्य खात्याच्या नेत्र तपासणीशी हे वर्ग जोडायला कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही.

तिसरी गोष्ट सुरुवात कुठून करायची याची. अ अननसाचा, ही लहान मुलांची वाट. अक्षरांच्या आकारावरून ग म भ न असं शिकवणं त्याहून बरं, कारण एक वळण बसलं की पुढची तीन सोपी जातात. पण मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी कामाचा शब्द लागतो. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी 1963 साली अंगिकोस या गावी सुमारे 300 मजुरांना 40 तासांत वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांवरून. आधी शब्दावर बोलायचं, मग तो फोडायचा, मग त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द करायचे. वडवणीत तसा शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. ‘काटा’ घ्या, उसाच्या वजनाचा काटा. दोन अक्षरं, दोन्हींना काना. फळ्यावर लिहिण्याआधीच बायका बोलू लागतात. कुठल्या कारखान्याचा काटा मारतो, पावती कोण ठेवतं, मुकादमाच्या वहीत किती टन आणि आपल्या हिशेबात किती. मग शब्द फोडला की ‘का’ आणि ‘टा’. त्यातून ‘टाका’ निघतो, ‘काका’ निघतो, मात्रा बदलल्या की ‘काकी’ आणि ‘टाकी’ निघते. एका संध्याकाळी पाच शब्द, आणि पाचही घरातले. पुढं ‘पावती’, ‘खाडा’, ‘उचल’. हे शब्द ज्या दिवशी बाई स्वतः वाचते त्या दिवशी तिला वर्गाला ये म्हणून सांगावं लागत नाही.

हिशेबाचंही तसंच. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या करारानं तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. ‘अडीच टनाचे किती?’ असं तोंडी विचारलं तर आयुष्यभर ऊस तोडलेली बाई बोटांच्या पेरांवर मोजून नऊशे पंधरा सांगते. पाटीवर 366 लिहून त्याला अडीचनं गुणायला सांगितलं तर तीच बाई गप्प होते. गणित तिला येतं, आकड्यांची लिखावट येत नाही. शिकवणारीला हा फरक ओळखता आला नाही तर ती ज्याला गणित येतं त्याला एक अधिक एक शिकवत बसते आणि समोरची बाई अपमान गिळून दुसऱ्या दिवशी येत नाही.

हे सगळं ज्यांना कळतं त्यांना ते शिबिरातून क्वचितच कळलेलं असतं. चुकत-माकत, एकट्यानं शिकलेलं असतं. आणि तोवर पुष्कळदा वर्ग मोडलेला असतो.

शिकवणाऱ्याला आधी घडवायला हवं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सावित्रीबाई फुले पहिल्या शिक्षिका म्हणून आपण दर 3 जानेवारीला त्यांना वंदन करतो. त्यांनी नगरला मिस फरार यांच्या आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या संस्थेत अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतल्याचं चरित्रकार नोंदवतात. हा तपशील आपण फारसा सांगत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा शिकवणारे तयार होते. पुढं 1882 साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या शिक्षकाबद्दल जे मागितलं ते आजही वडवणीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावं असं आहे. शिक्षक शेतकरी समाजातून यावा, त्याला लोकांत मिसळता यावं, त्यांच्या गरजा कळाव्यात, नांगर नाहीतर वाकस हाती धरायची त्याला लाज वाटू नये. त्याला प्रशिक्षण द्यावं. आणि पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस. गावातला माणूस, प्रशिक्षण आणि पैसे या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आपण आजवर पहिली तेवढी घेतली.

सातारा जिल्ह्यात 1959 साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढं राज्यभर गेली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली माणसं रात्री कंदिलावर शिकवायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. लोकवर्गणीतून आणि लोकांच्या उत्साहातून एवढं मोठं काम उभं राहिलं, त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण समारंभानंतर शिकवणारा आपल्या कामाला लागला, वाचायला नवं काही आलं नाही, आणि पुष्कळ माणसं पुन्हा अंगठ्यावर आली. 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, 1988 चं राष्ट्रीय साक्षरता मिशन, 8 सप्टेंबर 2009 ला सुरू झालेलं साक्षर भारत, सगळ्यांची मोड याच ठिकाणी झाली. साक्षर भारतात ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात प्रेरक असायचे, त्यांना महिन्याला 2000 रुपये मानधन होतं. थोडं होतं, पण गावात कुणीतरी एक माणूस हे काम माझं म्हणून करत होतं. मार्च 2018 ला योजना संपली, आणि प्रेरकांचं काम गेलं. त्यांनी त्या वर्षांत जे कमावलं होतं, कुठल्या घरी कुणाला का शिकायचं आहे, कोण कुठल्या अक्षरावर अडकतं, ते सगळं त्यांच्याबरोबर घरी गेलं.

केरळमध्ये असं होऊ दिलं नाही. एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी 1990 मध्ये देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा ठरला. त्यानंतर तिथं राज्य साक्षरता मिशन प्राधिकरण कायम राहिलं, चौथी, सातवी, दहावीच्या समकक्ष परीक्षा सुरू झाल्या, प्रेरक टिकले. मानधनाचे वाद तिथंही झाले आणि ते गंभीर होते, पण यंत्रणा मोडली नाही. 2018 साली 96 वर्षांच्या कार्त्यायनी अम्मांनी साक्षरता परीक्षेत 100 पैकी 98 गुण मिळवले, त्यामागं अशी टिकलेली माणसं होती.

आपल्याकडचं उदाहरण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावचं. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी तिथं आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येतात, हे फोटो जगभर गेले. मला त्यातली एक गोष्ट फोटोंपेक्षा महत्त्वाची वाटते. शिकवणारी गावातलीच सून, आणि तिची स्वतःची सासू तिच्या वर्गात. एरवी घरात जिच्यापुढं मान खाली, तिला वर्गात ‘आई, हे पुन्हा लिहा’ म्हणायचं. हे कसं म्हणायचं, रागावल्याशिवाय कसं दुरुस्त करायचं, चारचौघांत कुणाची चूक उघडी पडू न देता फळ्यावर कशी घ्यायची, ही शिकवण्याची विद्या आहे. ती आपोआप येत नाही. फांगण्यात शिकवणारीच्या मागं एक अनुभवी शिक्षक आणि एक ट्रस्ट उभा होता, म्हणून शाळा फोटोंपुरती राहिली नाही.

आता पुन्हा वडवणीकडं. उल्लासमध्ये नवसाक्षरानं 200 तास शिकावं अशी अपेक्षा आहे, आणि शेवटी चाचणी. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 असे 150 गुण, प्रत्येकात 33 टक्के हवेत. सकाळी दहा ते पाच या वेळात केव्हाही या, असं मोकळेपण ठेवलं आहे, ते चांगलंच. पण महाराष्ट्रात ही चाचणी 17 मार्च 2024 ला झाली आणि पुढची 23 मार्च 2025 ला. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात वडवणीचा कोयता कुठं असतो? बराचसा अजून फडात, नाहीतर परतीच्या वाटेवर. हिवाळाभर वर्ग भरवायचे तर शिकणारी माणसं गावातच नाहीत. वेळापत्रक शाळेचं आहे, उसाचं नाही.

त्यात शिक्षकांचाही प्रश्न आहे. 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर राज्यातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. शाळाबाह्य कामं आधीच पुष्कळ आहेत, वर्गातल्या मुलांना वेळ कधी द्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चूक म्हणता येत नाही. आशाताईला कामाचा मोबदला आहे, अंगणवाडी सेविकेला मानधन आहे. रात्री ओसरीवर दोन तास शिकवणाऱ्या ताईला काही नाही, आणि तिला मदत करायला ठेवलेला शिक्षक आधीच वाकलेला आहे.

माझ्या मते इथलं वर्ष दोन भागांत धरायला हवं. टोळ्या एप्रिल-मेमध्ये परततात. लग्नसराई आटोपते, पेरण्या होतात. जुलै ते दसरा हा कोयता गावात असण्याचा काळ. तोडणी करणाऱ्या जोडप्यांचे वर्ग याच महिन्यांत हवेत, आणि चाचणीही दसऱ्याआधी. शिकवणारीचं प्रशिक्षण त्याआधी मे-जूनमध्ये, एका दिवसाचं नको, दहा-बारा दिवसांचं, आणि वर्ग सुरू झाल्यावर दर पंधरवड्याला तालुक्याला अर्धा दिवस बसणं. तिथं कुणी भाषण देऊ नये. जिच्या वर्गात काय अडलं ते तिनं सांगावं, दुसरीनं आपलं सांगावं, आणि एक जाणता माणूस बरोबर असावा. टोळी निघताना जिला थोडं वाचता येतं तिच्या गाठोड्यात चार पातळ पुस्तकं द्यावीत आणि शिकवणारीचा फोन नंबर मोठ्या अंकात लिहून द्यावा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रात्री दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायला इंटरनेट आता पुरतं.

दुसरा भाग दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. तेव्हा गावात आजी-आजोबा आणि नातवंडं असतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण ती मिळाली नाही तर घर आजीच सांभाळते. पोराचा अभ्यास, शाळेतून आलेला कागद, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं तिच्या हाती. कुटुंब साक्षरतेसाठी याहून योग्य जागा कुठली? शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमात माता गट तयार झाले, आयांना घरी मुलांबरोबर करायच्या कृतींची कार्डं दिली गेली. तेच कार्ड वडवणीत हिवाळ्यात आजीच्या हाती जायला हवं, कारण तेव्हा आई फडात असते. तिसरीतली नात मोठ्यानं वाचते, आजी बोट ठेवून ऐकते, मग आजी गोष्ट सांगते आणि नात ती लिहून काढते. दोघीही शिकतात. पण हे आपसूक होईल अशी आशा धरून चालणार नाही. आठवड्यातून एकदा त्या ओसरीवर जाणारं, नातीला शाबासकी आणि आजीला धीर देणारं माणूस लागतं. तांड्यावर गोरमाटी बोलणारी आजी असेल तर ते माणूस गोरमाटी जाणणारं लागतं.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर दोनच गोष्टी सांगते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागं गरिबी होती, खाड्याची भीती होती, वैद्यकीय क्षेत्रातली लूट होती. साक्षरतेनं हे सगळं थांबलं असतं असा दावा मी करणार नाही. पण आपल्या केसपेपरवर काय लिहिलंय आणि आपण कशावर अंगठा उठवतोय हे बाईला स्वतः वाचता आलं पाहिजे, हा तिचा हक्क आहे. दुसरी गोष्ट ताजी. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये खात्यात यायला लागले. फॉर्म, आधार जोडणी, ओटीपी, प्रत्येक पायरीला दुसऱ्याचा हात धरावा लागला. स्वतःच्या नावावरचे पैसे आले की नाही हे कळायला शेजारच्या पोराला मोबाईल दाखवायचा. शिकायची इच्छा बायकांच्या मनात आज जेवढी जागी आहे तेवढी क्वचित कधी असेल.

इच्छा आहे, पुस्तक आहे, चाचणी आहे. शिकवणारी एकटी आहे. शासनानं प्रत्येक गावातल्या एका शिकवणारीला मानधन द्यावं, तालुक्याला तिच्यासाठी एक पूर्णवेळ मार्गदर्शक नेमावा, आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत चाचणी दसऱ्याआधी घ्यावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहेच, त्यानंही हा खर्च आपला मानावा. आणि वाचकहो, तुमच्यातले निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, बँकेतून मोकळे झालेले कुणी बीड, माजलगाव, वडवणीकडचे असाल तर येत्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या शाळेत जा, उल्लासचं काम कोण करतं ते विचारा आणि त्या ताईच्या वर्गात महिन्यातून दोनदा बसा. वर्ग तिलाच घेऊ द्या. तिला अडलं तर तुमच्याशी बोलता येईल, एवढं करा.